जर्मनीत पहिलं घर: बेळगाव, निपाणी, खानापूरकडून जाणाऱ्यांसाठी खर्चाचा हिशोब

ऑफर लेटर हातात पडलं की आपल्याकडे पहिलं काम होतं ते युरोला रुपयाने गुणण्याचं. ४,००० युरो म्हणजे महिना चार लाख, मग भाऊबंदांत बातमी, मग कर्जाची आणि प्लॉटची बोलणी. हा हिशोब दोन ठिकाणी फसतो. ते ४,००० युरो हातात पडत नाहीत, ही एक गोष्ट. दुसरी जास्त त्रासाची: पहिल्या दोन महिन्यांत घरासाठी लागणारी रोकड पगारातून निघत नाही, ती इथूनच गाठीला बांधून न्यावी लागते. महिन्याचा खर्च भागवणं त्यामानाने सोपं असतं. माणूस अडकतो तो सुरुवातीच्या रकमेत.

उद्यमबागेतल्या मशीन शॉपमधून जाणारे, इंजिनिअरिंग संपवून मास्टर्सला जाणारे आणि नर्सिंगवाले, तिघांनाही हा लेख चालेल. गुणाकार सोपा व्हावा म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. पैसे पाठवायच्या दिवशीचा भाव मात्र बघून घ्या.

पहिली पायरी: पगाराचा खरा आकडा

करारावर असतो तो ब्रुटो, हातात येतो तो नेटो. एकट्या माणसाचा कर वर्ग १ असतो. ब्रुटो ४,००० असेल तर हातात साधारण २,६०० येतात, ३,००० असेल तर दोन हजारांच्या थोडे वर. कपात फक्त कराची नसते. पेन्शनचे १८.६ टक्के, आरोग्य विम्याचे १४.६ टक्के आणि वर विमा कंपनीचा जादा टक्का, शिवाय बेकारी विमा आणि शुश्रूषा विमा. यातला साधारण निम्मा भार कंपनी उचलते, उरलेला तुमच्या पगारातून जातो. पैसे कापले गेले म्हणून हळहळायला नको, कारण त्याच विम्यावर दवाखाना होतो. नोकरी न करणारी बायको आणि मुलं सरकारी आरोग्य विम्यात जादा हप्ता न भरता बसतात. खाजगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा. कुटुंब नेणार असाल तर एजंटाने दाखवलेल्या स्वस्त खाजगी विम्यावर सही करण्याआधी ही ओळ परत वाचा.

पगार महिन्याच्या शेवटी होतो. १ तारखेला रुजू झालात तर पहिले तीस दिवस घरचेच पैसे. मधल्या तारखेला रुजू झालात आणि त्या महिन्याची पगारपत्रकं आधीच बंद झाली असतील तर दीड महिनासुद्धा जातो. रुजू होण्याआधीच एचआरला ईमेल करून पहिला पगार कोणत्या तारखेला जमा होईल ते विचारून घ्या.

विद्यार्थ्यांचं गणित वेगळं आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा), आणि त्यातून महिन्याला ९९२ च सुटतात. म्युनिकमध्ये खोली ७५० ची, विद्यार्थी आरोग्य विमा १४५ च्या आसपास. उरले शंभराच्या आत. त्यात महिनाभर जेवण होत नाही. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं हे खरं, पण पहिल्या सत्रात भाषा आणि कागदपत्रांमुळे ते काम लगेच हाती लागत नाही. दोन विद्यापीठांतून निवडायची वेळ आली तर शहराचं भाडं बघून निवडण्यात कमीपणा नाही. केमनिट्झ किंवा लाइपझिगमध्ये खोली ३०० ते ४२० ला मिळू शकते. वर्षभरात पडणारा फरक एका सेमिस्टरच्या सगळ्या खर्चाएवढा आहे.

दुसरी पायरी: बेळगाव सोडण्याआधी

व्हिसाचा अर्ज पत्त्याप्रमाणे जातो. बेळगाव जिल्ह्याचा पत्ता असेल तर बेंगळुरू, चंदगड-गडहिंग्लजचा असेल तर मुंबई. आपल्याला पुणं जवळचं आणि सवयीचं, म्हणून तिकडची अपॉइंटमेंट घेतली जाते आणि मग अर्ज अडतो. पुण्यात नोकरी करत असाल तर तिथल्या वास्तव्याचा पुरावा जोडा. नुसता चुलत्याचा पत्ता देऊन भागत नाही.

नावाचा घोळ इथेच निस्तरा. जुन्या पासपोर्टवर जन्मगाव ‘बेलगाम’, नव्या आधारवर ‘बेळगावी’ (शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं), शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, कानडी पद्धतीच्या एखाद्या कागदावर आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर. जर्मनीत प्रत्येक कार्यालय पासपोर्ट बघून अक्षर न् अक्षर उतरवून घेतं. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल तर तो आधी भरून घ्या. पुढचे सगळे फॉर्म पासपोर्टाबरहुकूम भरा, भाडेकरारसुद्धा. याचा घराशी काय संबंध, ते टपालपेटीच्या वेळी कळेल.

अपोस्टिलच्या (कागद खरा असल्याचा, परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का) नावाखाली बरेच पैसे जातात. भारतीय कागदांवरचं अपोस्टिल जर्मनी मानत नाही, भारत अपोस्टिलच्या करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप घेतला होता. तिथल्या कार्यालयाने किंवा मालकाने लेखी मागितलं नसेल तर त्यावर खर्च करू नका. भाषांतराचा खर्च मात्र धरा. हाताने लिहिलेला जुना कानडी किंवा मराठी जन्मदाखला असेल तर पालिकेतून किंवा पंचायतीतून इंग्रजी मजकुराचा नवा काढून घ्या, भाषांतरापेक्षा ते स्वस्त पडतं.

पैसे पाठवताना: परदेशी पाठवलेल्या रकमेवर आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) लागत नाही (एप्रिल २०२५ पासून). त्यापुढे लागतो. शिक्षणकर्ज मान्यताप्राप्त बँकेचं असेल तर त्यातून गेलेल्या रकमेवर लागत नाही. घरची मंडळी मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे असे पाठवू शकली तर दोन आर्थिक वर्षांची मर्यादा वापरता येते. सोबत ५०० ते ७०० युरो रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डावर असावेत. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख नेली तर विमानतळावर ती जाहीर करावी लागते, म्हणून त्या वाटेला जाऊच नका.

तिसरी पायरी: पहिला मुक्काम

बेळगावात बसून जर्मनीतलं कायमचं घर ठरत नाही. घरमालक माणूस बघतो, घर दाखवतो, मग निवडतो. म्हणून पहिले सहा ते आठ आठवडे तात्पुरत्या जागेत काढायची तयारी ठेवा: सामायिक घरातली पोटभाड्याची खोली, सामान लावलेलं छोटं अपार्टमेंट, किंवा कंपनीची खोली. महिन्याला ७०० ते १,२०० युरो लागतात, शहराप्रमाणे. नर्सिंगच्या भरतीत हॉस्पिटलचं वसतिगृह देऊ केलं असेल तर डोळे झाकून घ्या, खोली लहान असली तरी. पगारातून भाडं किती कापणार तेवढं लेखी घ्या.

ही जागा ठरवताना एकच प्रश्न महत्त्वाचा: इथे ‘आनमेल्डुंग’ होईल का? आनमेल्डुंग म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे, आणि घरमालकाने सही केलेलं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ नावाचं एक पानी पत्र त्यासाठी लागतं. हॉटेलवाले ते सहसा देत नाहीत. स्वस्तात पोटभाड्याने खोली देणारेसुद्धा देत नाहीत, कारण खऱ्या मालकाला त्यांनी सांगितलेलंच नसतं. नोंद नाही तर कर क्रमांक नाही, बऱ्याच बँकांत खातं नाही, राहण्याच्या परवान्याचं काम पुढे सरकत नाही. कर क्रमांक वेळेत आला नाही तर पगारावर कर वर्ग ६ ची कपात लागू शकते, म्हणजे हातात फारच कमी येतात. ते पैसे नंतर मिळतात, पण अडचण त्याच महिन्यात असते. शंभर युरो स्वस्त मिळालेली, पण नोंद न होणारी खोली म्हणूनच महागात पडते.

मोठ्या शहरांत पालिकेची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांत मिळतेच असं नाही. ऑनलाइन बुकिंग केल्याची पावती जपून ठेवा. विमानात बसण्याआधीच बुकिंग केलेलं उत्तम.

कर क्रमांक टपालाने येतो, साधारण दोन-तीन आठवड्यांत. आणि पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, फ्लॅट नंबर बघून नाही. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्डही तसंच परत जातं. पहिल्याच दिवशी कागदाच्या चिठ्ठीवर पासपोर्टातलं आडनाव लिहून पेटीवर चिकटवा, घरमालक पितळी पाटी करेल तेव्हा करेल. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर त्याच्या आडनावाखाली तुमचं आलं पाहिजे.

चौथी पायरी: जाहिरात वाचायला शिकणं

कायमचं घर शोधायला इमोबिलिएनस्काउट२४ आणि क्लाइनआनत्साइगन, खोलीसाठी डब्ल्यूजी-गेझुख्ट ही संकेतस्थळं चालतात. विद्यार्थ्यांनी प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच श्टुडिरेंडनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची सोय बघणारी संस्था) वसतिगृहात नाव लावावं, प्रतीक्षा यादी लांब असते.

तिथे ‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे आपलं वन बीएचके. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत, हॉल मोजतात. जाहिरातीत भाडं दोन प्रकारे लिहितात. ‘काल्टमीट’ म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. ‘वार्ममीट’ म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई, इमारतीचा विमा आणि बहुतेक वेळा हीटिंग धरलेलं भाडं. मधल्या फरकाला नेबनकोस्टन म्हणतात. मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते काल्टमीट, तुम्हाला भरायचं असतं वार्ममीट. वीज आणि इंटरनेट वार्ममीटमध्येसुद्धा सहसा नसतं. हीटिंग गॅसचं असेल आणि गॅसचा करार भाडेकरूने स्वतः करायचा असेल तर तेही वेगळं, ते जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरात सापडतं.

भाड्याचा अंदाज हवा असेल तर: साठ चौरस मीटरचं दोन खोल्यांचं घर लाइपझिगमध्ये ५०० ते ६५० काल्ट, म्युनिकमध्ये १,२०० च्या पुढे. श्टुटगार्टचं भाडं या दोन्हींच्या मधे कुठेतरी. शहराबाहेर लोकल ट्रेनने अर्धा तास गेलात की भाडं उतरतं, आणि ६३ युरोच्या डॉइचलांड तिकिटात (जानेवारी २०२६ पासूनचा दर) देशभरच्या लोकल, बस, ट्राम, मेट्रो येतात, त्यामुळे लांब राहण्याचा प्रवासखर्च वाढत नाही. फक्त तिकीट बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवायचं, नाहीतर पुढचा महिनाही कापला जातो.

घर बघायला वीस-तीस माणसं येतात. निवड होते ती कागदांवर. एकाच पीडीएफमध्ये नोकरीचा करार, असतील तर शेवटच्या तीन पगारपावत्या, पासपोर्ट आणि व्हिसा, आणि जर्मनमध्ये पाच-सहा ओळींचं पत्र ठेवा: कोण, कुठे कामाला, किती माणसं राहणार, किती वर्षं राहायचा विचार. मालक ‘शुफा’ मागतो, म्हणजे उधारीचा दाखला. नव्या माणसाची शुफात काही नोंदच नसते. तसं सरळ लिहा आणि बदल्यात कंपनीचं पत्र द्या. हार्ड कॉपी हातात घेऊन गेलात आणि परत आल्यावर त्याच संध्याकाळी ईमेल केला तर नाव लक्षात राहतं.

फसवणुकीचा नमुना ठरलेला आहे. भाडं आजूबाजूपेक्षा तीस-चाळीस टक्के कमी, फोटो अगदी गुळगुळीत, मालक ‘सध्या लंडनला’. डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. किल्ली कधीच येत नाही. इथून बसून खोली पक्की करायची घाई याच जाळ्यात नेते. घर आतून पाहिल्याशिवाय आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. ओळखीचं कोणी त्या शहरात असेल तर त्याला पाठवून बघून घ्या, त्यासाठी जेवण घालावं लागलं तरी स्वस्त. पासपोर्टची प्रत पाठवताना तिच्यावर ‘फक्त घरासाठी’ असं आडवं लिहून पाठवा.

एजंटाची फी तुम्ही द्यायची नसते. २०१५ पासून जो एजंट नेमतो त्यानेच पैसे द्यायचे असा कायदा आहे, आणि बहुतेक वेळा मालकानेच त्याला नेमलेलं असतं. ‘घर दाखवण्याची फी’ मागणारा लबाड समजा.

पाचवी पायरी: करार आणि अनामत

आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार किंवा लीज. काही लाख एकरकमी द्यायचे, भाडं नाही, सोडताना रक्कम परत. तिथे लीजचा प्रकार नाही. करार साधारणपणे बिनमुदतीचा असतो, आणि मालकाला कायद्यात बसणारं कारण दिल्याशिवाय भाडेकरूला काढता येत नाही, स्वतःला किंवा घरच्यांना राहायला हवं हे त्यातलं नेहमीचं कारण. भाडं वाढवलं तरी तीन वर्षांत २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, घरांची टंचाई असलेल्या शहरांत १५ टक्के. पण करारात ‘श्टाफेल’ किंवा ‘इंडेक्स’ हा शब्द असेल तर वाढ आधीच ठरलेली आहे किंवा महागाई निर्देशांकाला बांधलेली आहे. तो शब्द शोधून बघा.

अनामत म्हणजे काउत्सिओन जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटएवढी. वार्म नव्हे, काल्ट. आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, पहिला हप्ता करार सुरू होताना. हे बऱ्याच मालकांना माहीत असतं पण ते सांगत नाहीत. काल्टमीट ६५० असेल तर १,९५० एकदम देण्याऐवजी पहिल्या महिन्यात ६५० देऊन भागतं, म्हणजे हाताशी १,३०० जास्त राहतात. मात्र घर बघतानाच हप्त्यांचा विषय काढू नका. करार झाल्यावर शांतपणे सांगा, हक्क आहेच. ही रक्कम मालकाने स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवायची असते.

करारात सगळ्यात जपून वाचायचं कलम म्हणजे ठराविक काळ घर न सोडण्याचं. दोन्ही बाजूंनी समान असेल तर चार वर्षांपर्यंतचं असं कलम वैध धरलं जातं. नव्या नोकरीत सहा महिने प्रोबेशन असतं. त्यात नोकरी गेली आणि दुसऱ्या शहरात जावं लागलं तर राहिलेलं भाडं अंगावर पडतं. एक वर्षाच्या वरचं कलम असेल तर ते कमी करून मागा, नाहीतर दुसरं घर बघा. जर्मन येत नसेल तर करार सहीआधी एका दिवसासाठी मागून घ्या आणि भाषांतर करून वाचा. द्यायला कुरकुर करणारा मालक पुढेही कुरकुरच करणार.

सहावी पायरी: स्वयंपाकघर नावाची रिकामी खोली

भाड्याच्या बऱ्याच जर्मन घरांत किचन नसतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून पाण्याचे नळ आणि जाड विजेची वायर बाहेर आलेली. छतालाही दिवे नसतात, नुसत्या तारा लोंबतात. जाहिरातीत ‘ई.बी.के.’ अशी तीन अक्षरं असतील तर किचन आहे. त्यासाठी महिन्याला ४०-५० युरो जास्त द्यावे लागले तरी पहिल्या घराला ते परवडतं.

नसेल तर आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्या. त्याला उखडून न्यायचा त्रास वाचतो, तुम्हाला बसवायचा. ३०० ते ८०० युरोत जुनं मिळतं. नवं बसवायचं तर दीड हजाराच्या वर धरा. शेगडीची वायर स्वतः जोडू नका. ती थ्री फेज असते आणि जोडणी इलेक्ट्रिशियननेच करायची असते, नाहीतर आग लागल्यावर विमा हात झटकतो.

शेगडी बहुधा काचेच्या पृष्ठभागाची, इंडक्शन किंवा साधी इलेक्ट्रिक. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. न्यायचाच असेल तर इंडक्शन बेसचा स्टीलचा कुकर न्या, आणि दोन जादा गॅस्केट, तिथे आपल्या मापाची मिळायला वेळ लागतो. मिक्सरला व्होल्टेजची अडचण नाही, २३० च आहे. फक्त पिन बदलायला ॲडाप्टर लागतो.

सातवी पायरी: किल्ली घेताना

त्या दिवशी युबरगाबेप्रोटोकोल भरायचा असतो, म्हणजे घर कसं ताब्यात आलं त्याची यादी. लाजू नका. फरशीवरचा चरा, दाराचा टवका, न्हाणीघरातला काळा डाग, खिडकीची सैल मूठ, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. लिहिलं नाही ते जाताना तुम्ही मोडलं असं धरून अनामतीतून कापलं जाऊ शकतं. किल्ल्या किती मिळाल्या, तेही.

मीटरचा फोटो त्याच क्षणी: वीज, पाणी, असेल तर गॅस, आणि रेडिएटरवरचे आकडे. कर्नाटकात गृहज्योतीमुळे २०० युनिटपर्यंत बिल येत नाही, म्हणून मीटरकडे बघायची सवय मोडलेली असते. तिथे युनिटला ३५ ते ४० सेंट पडतात. तुम्ही कुठला वीजपुरवठादार निवडला नाही तर तिथला मूळ पुरवठादार आपोआप लागू होतो, आणि तो बहुतेक वेळा महाग असतो. दोन आठवड्यांची नोटीस देऊन तो बदलता येतो. एकट्या माणसाला वर्षाला साधारण १,५०० युनिट लागतात, त्यावरून महिन्याचा हप्ता ४५-५५ युरो बसतो. पुरवठादार हप्ता कमी दाखवत असेल तर खूश होऊ नका, वर्षाअखेर फरक मागतो.

न्हाणीघराबद्दल एक सांगायलाच हवं. तिथे जमिनीला बहुधा पाणी जायची जाळी नसते. बादली-तांब्याने बाहेर उभं राहून आंघोळ केली किंवा फरशी पाणी ओतून धुतली तर पाणी खालच्या घराच्या छतात उतरतं. आंघोळ शॉवरच्या चौकटीतच. यासाठी आणि किल्ली हरवण्यासाठी ‘हाफ्टप्फ्लिष्ट’ नावाचा, आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा घ्या, वर्षाला ५० ते ८० युरो. सगळ्या इमारतीची एक किल्ली-यंत्रणा असेल तर एक किल्ली हरवल्यावर पूर्ण यंत्रणा बदलण्याचा खर्च येऊ शकतो, म्हणून पॉलिसीत ‘भाड्याच्या घराच्या किल्ल्या’ हे कलम आहे का ते पाहा. दार मागे ओढलं की लागतं. रविवारी रात्री कुलूपवाला बोलावला तर सहज दोन-चारशे युरो जातात. जादा किल्ली विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

पहिल्या दोन महिन्यांची रक्कम

मधल्या भावाच्या शहरात, एकटा माणूस, काल्ट ६५० आणि वार्म ८५० धरून: तात्पुरता मुक्काम एका महिन्याचा ९००, अनामत १,९५०, पहिलं भाडं ८५०, जुनं किचन ८००, गादी-पलंग-दिवे-भांडी ५००. झाले ५,०००. एका महिन्याचं जेवण आणि तिकीट धरून ५,३०० च्या पुढे, म्हणजे सव्वापाच लाखांहून जास्त. किचन असलेलं घर मिळालं आणि अनामत हप्त्यांत दिली तर हेच पहिल्या झटक्याला ३,२०० वर येतं. त्याहून कमी घेऊन निघालात तर उसनवारी ठरलेली. कंपनी स्थलांतराचा खर्च देत असेल तर आधी देणार की पावत्या बघून नंतर, ते विचारा. बहुतेक कंपन्या नंतर देतात.

त्यानंतरचा महिना: भाडं ८५०, वीज ४५, इंटरनेट ३५, मोबाइल १२, तिकीट ६३, किराणा २५०, विमा ५, किरकोळ १५०, आणि रुंडफुंकबाइट्राग १८.३६. हा शेवटचा सरकारी रेडिओ-टीव्हीचा आकार आहे. घरात टीव्ही नसला तरी प्रत्येक घराला भरावा लागतो, तीन महिन्यांचे ५५.०८ एकदम. पत्र आल्यावर फसवणूक समजून फेकून देणारे खूप, मग दंडासह येतं. सामायिक घरात राहत असाल तर घराला एकच, कोण भरतो ते विचारून आपला वाटा द्या. सगळं मिळून साधारण १,४३०. हातात २,६०० येत असतील तर अकराशेहून थोडे जास्त मागे पडतात. गावी पाठवायचा आकडा यातून काढा, ब्रुटोतून नको. आणि पहिल्या वर्षी त्यातले महिन्याला शंभर बाजूला टाका, कारण खाली आहे.

किराणा

घरी रांधलंत तर २२० ते २८० युरोत महिना निघतो. आल्डी, लिडल इथे दूध, अंडी, बटाटे, कांदे, कोबी, गाजर, मसूर, छोले स्वस्त. डाळी आणि मेथी-कोथिंबीर तुर्की दुकानात मिळतात. आशियाई दुकान फक्त तूरडाळ, पोहे आणि कणकेसाठी, तेही महिन्यातून एकदा. रोज बाहेर जेवलात तर एका जेवणाला १२ ते १८ युरो पडतात, हिशोब तिथेच कोलमडतो. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटली घेतलीच तर तिच्यावरचे २५ सेंट दुकानातल्या यंत्रात बाटली टाकल्यावर परत मिळतात. रविवारी दुकानं बंद.

सामानात काय न्यायचं याबद्दल घरचं ऐकू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे कुंदा, पेढे, तूप, सुकं मटण सगळं गेलं. ताजा कढीपत्ताही जप्त होतो. ज्वारीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, पापड, गूळ हे सीलबंद पाकिटांत न्या, वर इंग्रजीत नाव छापलेलं असू द्या.

वर्षानंतर येणारं पत्र

नेबनकोस्टन म्हणून दरमहा भरता ते अंदाजाचे पैसे असतात. वर्ष संपल्यावर मालक खरा हिशोब पाठवतो, त्यासाठी त्याला बारा महिने मुदत असते. हीटिंग जास्त वापरलं असेल तर ३००-५०० युरोची मागणी येऊ शकते. वर सांगितलेले शंभर यासाठी. हिशोब वाचा, आणि दुरुस्तीचा किंवा मालकाच्या कारभाराचा खर्च त्यात घातला असेल तर लेखी आक्षेप घ्या, तो भाडेकरूवर टाकता येत नाही.

रेडिएटरच्या मुठीवर ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. एका अंशाला साधारण ६ टक्के इंधन जातं. पण खर्च वाचवायला खिडक्या बंद ठेवून कुकर, आंघोळ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे असं चाललं की महिन्याभरात कोपऱ्यात बुरशी धरते, आणि ती काढायचा खर्च अनामतीतून जातो. दिवसातून तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, त्या वेळी हीटर बंद. हिवाळ्यातसुद्धा.

घर सोडताना नोटीस तीन महिन्यांची. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तर तो महिना धरला जातो, चौथ्या दिवशी पोहोचली तर एक महिना जास्त भाडं. ती कागदावर, शाईच्या सहीनेच. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरची नोटीस कायद्याने नोटीस नसते. रजिस्टर टपालाने पाठवा किंवा साक्षीदारासमोर पेटीत टाका. अनामत परत यायला तीन ते सहा महिने लागतात, तेव्हा ती पुढच्या घराच्या अनामतीत धरू नका. देशच सोडून परत येणार असाल तर निघण्याआधीच्या आठवड्यात पालिकेत ‘आबमेल्डुंग’ करून कागद घ्या. त्याशिवाय रेडिओचा आकार आणि इंटरनेटचा हप्ता थांबत नाही, आणि तुम्ही अनगोळला येऊन बसलात तरी मागणीची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात.